घर विकावयाचे तर : पूर्वतयारी व मांडणी

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या संमेलनांतून आजवर विद्यार्थिसाहाय्य, विवाहातील खर्च, वृद्धांची शुश्रूषा अशा विषयांवर पुष्कळ ऊहापोह झालेला आहे. या वर्षी कार्यकारी मंडळाने मजकडे जो विषय सोपविला, तो ऐकून काही वडील मंडळींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. घर बांधावे कसे हे सांगावे. विकावे कसे हे भर संमेलनात सांगणे अभद्र, अशी आपली समजूत आहे. ‘घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून’ अशी म्हण आपल्या भाषेत आहे. घर पाहावे विकून असे मात्र कोणी म्हटलेले नाही. पूर्वी घर विकले जाई ते बहुधा कर्जापायी, आणि विकणाऱ्यास गावात तोंड दाखविणे कठीण होई. ती लाज आपल्या मनातून अद्याप गेलेली नाही.

परंतु आज आपल्या कुटुंबांतून घरे विकली जातात ती निराळ्याच कारणांनी. मुले बंगळूरास अथवा अमेरिकेत स्थायिक झाली, आई-वडिलांना तिसऱ्या मजल्याचा जिना चढवेना, गावचे घर दहा वर्षे कुलूपबंद राहिले, किंवा चार भावंडांना आपापला हिस्सा हवा आहे. यांत लज्जास्पद असे काहीच नाही. लाज आहे म्हणून मात्र तयारी होत नाही, कोणास विचारले जात नाही, आणि आयुष्यातील सर्वांत मोठा व्यवहार घाईत, गुपचूप व निम्म्या किमतीत उरकला जातो. यास्तव हा विषय घेतला.

घर विकण्याची तयारी म्हटली की लोकांच्या डोळ्यांपुढे रंगारी उभा राहतो. रंगारी नंतर. प्रथम कपाटातील ती कापडी पिशवी बाहेर काढावी, जिच्यात घराची कागदपत्रे आहेत अशी आपली श्रद्धा असते. ती उघडून पाहिल्यावर असे आढळते की, घरपट्टीच्या पावत्या चाळीस वर्षांच्या आहेत, परंतु घर अजून आजोबांच्याच नावावर आहे. आजोबा जाऊन पन्नास वर्षे लोटली. वारसनोंद कोणी केली नाही. कारण विकावयाचे कोणाच्या मनातही नव्हते.

गावच्या घरासंबंधी थोडे विस्ताराने सांगतो, कारण घोटाळा अधिक तेथेच होतो. गावठाणातील घरास सात-बारा नसतो. नगर भूमापन झालेले असेल तर मिळकत पत्रिका असते. झालेले नसेल तर पुष्कळांच्या हाती ग्रामपंचायतीचा नमुना आठ एवढाच कागद असतो, आणि तो तर कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. २०२० साली केंद्र शासनाने ‘स्वामित्व’ योजना सुरू केली. तीनुसार ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन मिळकत पत्रिका दिल्या जात आहेत. आपल्या गावची मोजणी झाली की नाही, आणि झाली असल्यास पत्रिकेवर नाव कोणाचे लागले, याची चौकशी ज्यांना आज विकावयाचे नाही त्यांनीही करावी. बंद घराची मोजणी होते तेव्हा सांगावयास दारात कोणी नसते.

घराभोवती आंबा-काजूची बाग असेल आणि ती जमीन सात-बाऱ्यावर शेती म्हणून असेल, तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवणे अवश्य आहे. १९४८ च्या कुळकायद्यानुसार महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यासच विकत घेता येते. शेतकरी नसलेल्यास पूर्वपरवानगी लागते. मुंबईचा एखादा सद्गृहस्थ घर पाहून खूश होतो, विसार देतो, आणि पुढे तो शेतकरी नाही असे निष्पन्न होते. ही विचारणा पहिल्याच भेटीत करावी. तीत उद्धटपणा मुळीच नाही.

आता ज्या मुद्द्यावर आपल्या घराघरांतून कुजबूज चालते, त्याकडे वळतो. वारस कोण? १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने पित्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलीस मुलाइतकाच वाटा दिला. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत महाराष्ट्राने १९९४ साली त्या वेळी अविवाहित असलेल्या मुलींना सहदायाद मानले. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने विवाहित-अविवाहित हा भेद नाहीसा केला. आणि वडील २००५ साली हयात असले पाहिजेत हा आक्षेपही सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दूर केला. इतके होऊनही ‘ताईचे लग्न झाले, तिचा काय संबंध’ हे वाक्य मी सुशिक्षित, सुस्थित घरांतून आजही ऐकतो. काही ठिकाणी बहीण भाऊबीजेस आली म्हणजे ओवाळणीच्या ताटाबरोबरच हक्कसोडपत्राचा कागद पुढे सरकविला जातो. ती सही करते, कारण माहेर तुटू नये अशी तिची इच्छा असते. बहिणीने स्वखुशीने हक्क सोडला तर तो तिचा अधिकार आहे; परंतु तिला किंमत किती येणार हे सांगून, आठ दिवस विचारास देऊन, मग सही घ्यावी. आणि ती सही दुय्यम निबंधकासमोर नोंदलेल्या दस्तावर हवी. घरातल्या घरात स्टँपपेपरवर लिहून ठेवलेले हक्कसोडपत्र खरेदीदाराचा वकील क्षणात बाजूस सारतो.

असा एक व्यवहार मी जवळून पाहिला आहे. चार भाऊ, एक बहीण. घर उत्तम जांभ्याचे, पाणी बारमाही. भावांनी आपसांत भाव ठरविला, ग्राहक आणला, विसार घेतला. खरेदीदाराच्या वकिलाने रिवाजाप्रमाणे तीस वर्षांचा शोध घेतला व वृत्तपत्रात जाहीर नोटीस दिली. ती नोटीस नागपुरास राहणाऱ्या बहिणीच्या शेजाऱ्याने वाचली. बहिणीस पैशाचा लोभ नव्हता. आपणास कोणी एका शब्दाने विचारले नाही, एवढाच तिचा राग होता. तिने हरकत घेतली, ग्राहक विसार परत घेऊन गेला, आणि दोन पावसाळ्यांत आढे खचले. पुढे ते घर विकले गेले, पण घर म्हणून नव्हे, चिऱ्यांच्या ढिगासकट जागा म्हणून. जाहीर नोटिशीने कित्येक कुटुंबांस अपमान झाल्यासारखे वाटते. वस्तुतः तो सावध खरेदीदाराचा साधा रिवाज आहे.

वारसांत कोणी अज्ञान असेल, तर त्याच्या स्वतंत्र मालकीचा हिस्सा पालकास न्यायालयाच्या परवानगीवाचून विकता येत नाही. कोणी परदेशी असेल, तर त्याचे कुलमुखत्यारपत्र तेथील भारतीय वकिलातीत साक्षांकित करवून आणावे, आणि येथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांकशुल्क भरावे. विसारानंतर या कामास लागलात, तर खरेदीदाराचा धीर सुटतो.

शहरातील सदनिकांसंबंधी थोडक्यात. सहकारी संस्थेचा भागदाखला आपल्या नावावर हवा. मूळ करारनामा व पूर्वीच्या सर्व खरेद्यांची साखळी हाताशी हवी. संस्थेची बाकी शून्य हवी. वडिलांनी माझे नाव नामनिर्देशनात लिहिले म्हणून घर माझे झाले, ही समजूत चुकीची आहे. नामनिर्देशित व्यक्तीच्या नावे संस्था दाखला करील, पण त्यामुळे इतर वारसांचे हक्क बुडत नाहीत. महानगरपालिका क्षेत्रात हस्तांतरण अधिमूल्य २५,००० रुपयांहून अधिक घेता येत नाही. ‘देणगी’ या गोंडस नावाने अधिक मागितल्यास लेखी मागावयास सांगावे, म्हणजे मागणी बहुधा विरते. आणि गिरगाव-दादरच्या चाळीतील पागडीची खोली ही आपल्या मालकीची नसते, भाडेहक्क असतो. तेथे घरमालकाच्या संमतीवाचून पाऊल टाकू नये.

कागद लागले, आता घराकडे चला.

आपल्या घरांतून वस्तूंची गर्दी असते. माळ्यावर घंगाळे, बंब, लग्नातील पातेली, पाळणा, कोणाचा तरी तबला, दिवाळी अंकांचे गठ्ठे. राहणाऱ्यास ती दिसत नाहीत. पाहावयास येणाऱ्यास तीच दिसतात, घर दिसत नाही. खरेदीदार भिंतीकडे पाहून तेथे आपले कपाट कल्पित असतो, आणि तेथे आपल्या पणजोबांचे तैलचित्र त्याच्याकडे रोखून पाहत असते. यास्तव दाखविण्यापूर्वी घर निम्मे रिकामे करावे. भांडी भावंडांत वाटून टाकावी. अशी वाटणी विक्रीपूर्वी हसतखेळत होते, विक्रीनंतर होत नाही. जुनी कागदपत्रे, मोडी दफ्तरे, हस्तलिखित पोथ्या रद्दीत मुळीच घालू नयेत. पुण्यास १९१० साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. अशा ठिकाणी आधी दाखवाव्या. माझ्या माहितीतील एका घरातील दोन पेट्या मोडी कागद भंगारवाल्याने वजनावर नेले. त्यांत काय होते, हे आता कोणालाच कळणार नाही.

देवघराचा प्रश्न नाजूक आहे. कुलदेवतेचे टाक व नित्यपूजेच्या मूर्ती कुटुंबाबरोबर जातात. त्या कोणाकडे जाणार हे आधी ठरवावे. निर्णय होईपर्यंत देवघर जसेच्या तसे, स्वच्छ व दिवा लावलेले राहू द्यावे. रिकामा देव्हारा पाहणाऱ्याच्याही मनास लागतो. तुळशीवृंदावन हलवू नये. नव्या मालकास ते नको असले तर तो पाहून घेईल.

दुरुस्ती किती करावी? या बाबतीत आपले लोक दोन टोकांना जातात. एक वर्ग म्हणतो, विकावयाचेच आहे, तर एक रुपयाही घालावयाचा नाही. दुसरा वर्ग नवे स्वयंपाकघर, नवी फरशी करून बसतो आणि तो खर्च किमतीत मागतो. खरेदीदार मात्र ती फरशी पहिल्याच महिन्यात उखडून टाकतो, कारण ती त्याच्या पसंतीची नसते. माझे मत असे की, जी गोष्ट बिघडलेली आहे ती नीट करावी. जी केवळ जुनी आहे ती तशीच राहू द्यावी. गळका नळ, न लागणारी खिडकी, फुटलेली काच, लोंबणाऱ्या विजेच्या तारा, बंद पडलेले बटण ही कामे किरकोळ आहेत. परंतु पाहणारा त्यांवरून तर्क करतो की, जे दिसते त्याचीच निगा नाही, तर न दिसणाऱ्याची काय असणार! कौलारू घर असेल तर मेअखेरीपूर्वी कौले परतून घ्यावी, फुटकी बदलावी, वाशांना व रिपांना वाळवी आहे का ते सुताराकडून ठोकून पाहावे. बंद घर दाखविण्यापूर्वी निदान आठ दिवस उघडे ठेवावे. कुबट वास व वटवाघळांची घाण असताना उत्तम सागवानी तुळयांकडेही कोणाचे लक्ष जात नाही.

येथे रंगारी येतो. रंग द्यावा; फिकट, एकाच छटेचा, साधा द्यावा. परंतु ओल आलेल्या भिंतीवर पुट्टी चढवून, तीवर रंग फासून, घाईघाईने घर दाखविण्याचा जो प्रकार सर्रास चालतो, त्याविषयी मला स्पष्ट बोलले पाहिजे. काही दलाल तर असा सल्लाही देतात की, पावसाळ्यात दाखवूच नका. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे पंचावन्नावे कलम विक्रेत्यावर असे कर्तव्य घालते की, मिळकतीतील अथवा आपल्या हक्कातील जे महत्त्वाचे वैगुण्य त्यास ठाऊक आहे आणि खरेदीदारास साधारण काळजी घेऊनही कळण्यासारखे नाही, ते त्याने उघड केले पाहिजे. न केल्यास तो कपटाचाच प्रकार गणला जातो. म्हणजे ओल लपविणे हा केवळ चतुरपणा नव्हे. कायद्याची भीती बाजूस ठेवली तरी व्यवहार म्हणूनही ते शहाणपणाचे नाही. आपल्या परिचयाच्या एका वृद्ध शिक्षिकाबाईंनी घर दाखविताना स्वतःच उत्तरेच्या भिंतीकडे बोट केले व सांगितले की, श्रावणात येथे ओल येते, गच्चीचे काम राहिले आहे, त्याचा अंदाज हा. ग्राहकाने किंमत त्या अंदाजाइतकी कमी केली, घासाघीस मुळीच केली नाही, आणि महिन्याच्या आत साठेखत झाले. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावरील रंगविलेली जागा दीड वर्ष तशीच पडून होती.

दाखविण्याची रीत हीही एक कला आहे. वेळ सकाळची ठेवावी, पडदे सारावे, सर्व दिवे लावावे. हल्ली घराची छायाचित्रे मोबाइलवरून आधीच फिरतात, आणि निम्मे ग्राहक तीच पाहून येतात वा येत नाहीत. तेव्हा तीही सकाळच्या उजेडात, आवरलेल्या खोल्यांची घ्यावी. खोली आहे त्याहून मोठी भासविणाऱ्या युक्त्या करू नयेत. प्रत्यक्ष आलेला मनुष्य दारातच हिरमुसतो. एका कागदावर साधे टिपण लिहून प्रत हाती द्यावी : चटईक्षेत्र किती, पाणी किती वाजता येते व किती वेळ, मासिक देखभाल खर्च, घरपट्टी, इमारत केव्हाची, उद्वाहक आहे की नाही, कोणत्या खोलीत ऊन केव्हा येते. क्षेत्र सांगताना आतील वापराचेच सांगावे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने चटईक्षेत्राची व्याख्या केली आहे, आणि ‘सुपर बिल्टअप’चे फुगविलेले आकडे आता कोणास भुलवीत नाहीत. पाहावयास आलेल्या कुटुंबातील बाई स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून पाहील. तिला पाहू द्यावे.

बोलावयास घरातील एकानेच पुढे व्हावे. भाऊ एक किंमत सांगतो, वहिनी दुसरी, आणि आजोबा मध्येच म्हणतात, ‘आम्हाला कुठे विकायचे आहे!’ असे झाले की ग्राहक समजून चुकतो. आपणास घाई का आहे, मुलाच्या शिक्षणाचे शुल्क केव्हा भरावयाचे आहे, हे चहाच्या कपाबरोबर सांगू नये. आणि पाहुण्याचे आडनाव ऐकून ‘आपण कुठले?’ ही चौकशी तर करूच नये.

या शेवटच्या गोष्टीबद्दल थोडे अधिक बोलणे या व्यासपीठावर मला अपरिहार्य वाटते. ‘घर आपल्यातल्यालाच द्या’ असा आग्रह आपल्या मंडळींत असतो. त्याच्या मुळाशी इतिहास आहे हे मी नाकारीत नाही. १९१५ साली मुंबईत गावदेवीस सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली, ती आपल्या देशातील सहकारी गृहनिर्माणाच्या अगदी प्रारंभीची. श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी त्या कामी पुढाकार घेतला. परक्या शहरात उतरलेल्या लहान समाजास एकमेकांचा आधार हवा होता. ज्ञातींच्या वाड्या व संस्था अशा गरजेतून उभ्या राहिल्या. उपविधींनी सभासदत्व एका समाजापुरते ठेवणे सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या पारशी संस्थेच्या प्रकरणी २००५ साली ग्राह्यही धरले. परंतु आज आपली मुले बंगळूरास वा पुण्यास भाड्याची जागा शोधावयास जातात तेव्हा तुम्ही काय खाता, तुम्ही कोण, असे त्यांना दारात विचारले जाते, आणि ती संतापून घरी दूरध्वनी करतात. तो संताप योग्य आहे असे आपण मानतो. मग आपल्या दारी आलेल्यास तोच प्रश्न आपण कोणत्या तोंडाने विचारणार? मंडळाने आपल्या सूचनाफलकावर विक्रीस असलेल्या घरांची यादी लावावी, त्यास माझी संमती आहे. त्या यादीबाहेरचा ग्राहक परत पाठविण्यास नाही. या मतास येथे विरोध असेल. तो चर्चेत अवश्य मांडावा.

किंमत ठरविताना शेजाऱ्याच्या ऐकीव आकड्यावर विसंबू नये. आसपासच्या नोंदलेल्या व्यवहारांची सूची क्रमांक दोन पाहावयास मिळते. तीत प्रत्यक्ष मोबदला लिहिलेला असतो. शासनाचे वार्षिक बाजारमूल्य दर, ज्यास रेडी रेकनर म्हणतात, तेही पाहावे. काही रक्कम रोख देतो असे सुचविणाऱ्यास तेथेच नमस्कार करावा. स्थावराच्या व्यवहारात २०,००० रुपये वा अधिक रोखीने घेणे २०१५ पासून निषिद्ध आहे, आणि दंड घेतलेल्या रकमेइतकाच असतो. पन्नास लाख वा त्याहून अधिक किमतीच्या व्यवहारात निवासी विक्रेत्याच्या रकमेतून खरेदीदार एक टक्का आयकर कापून भरतो; त्याचे प्रमाणपत्र मागून घ्यावे. विक्रेता परदेशस्थ असेल तर कपात पुष्कळ अधिक होते, याची त्यास पूर्वकल्पना द्यावी. आजोबांच्या काळच्या घरावरील भांडवली नफा मोजताना १ एप्रिल २००१ रोजीची वाजवी किंमत धरता येते. तीसाठी नोंदणीकृत मूल्यनिर्धारकाचा अहवाल विक्रीपूर्वीच घ्यावा, कारण पुढे घर पाडले गेल्यावर तो काय पाहणार! जुलै २०२४ पासून या कराच्या दरांत बदल झाला असून जुन्या मिळकतीस दोन रीतींतील लाभाची निवडता येते. हा हिशेब सनदी लेखापालाकडूनच करवावा.

साठेखत व खरेदीखत यांतील भेदही विसरू नये. साठेखताने मालकी जात नाही; खरेदीखत नोंदले की जाते. ताबा पूर्ण रक्कम खात्यात आल्यावरच द्यावा आणि ताबापावती घ्यावी. वीजमीटर, पाणी व घरपट्टी यांवरील नावे बदलली की नाही हे एकदा स्वतः पाहावे. दोन वर्षांनी थकबाकीची नोटीस आपल्याच नावे येते. करारात काय काय राहणार व काय जाणार हे लिहावे : पंखे, पाण्याची टाकी, पंप, झोपाळा. कोकणातील घर असेल आणि व्यवहार फाल्गुन-चैत्रात होत असेल, तर त्या वर्षीचा आंबा कोणाचा, हेही लिहावे. एवढ्याशा कलमावाचून व्यवहार मोडल्याचे व लिहिल्यामुळे नव्या मालकाने पुढील वर्षी आपणहून एक पेटी मुंबईस धाडल्याचे, असे दोन्ही प्रकार माझ्या पाहण्यात आहेत.

 ज्यांना काही विचारावयाचे असेल त्यांनी भोजनोत्तर अवश्य भेटावे. मात्र येताना ती कापडी पिशवी बरोबर आणावी.